दोन पोझच्या मध्ये हात वितळतो: एआय इनबिटवीनचं जुनाट दुखणं

अ‍ॅनिमेशनमध्ये हालचालीची मुख्य चित्रं, म्हणजे की, मी काढते आणि त्यांच्या मधली, म्हणजे इनबिटवीन, एआयकडून भरून घेते. हा शॉट साधा होता. बाई फळीसमोर उभी आहे, उजवा हात खाली लोंबतोय. पुढच्या की-पोझमध्ये तोच हात डोक्याच्या वर, फळीवरच्या खोक्यावर टेकलेला. मध्ये काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ होतं: आधी खांदा उचलला जाईल, मग कोपर बाहेर निघेल, मनगट त्याच्या मागून ओढल्यासारखं येईल आणि बोटं सगळ्यात शेवटी उघडतील. दोन्ही की मशीनला दिल्या आणि सोळा फ्रेम मागितल्या. प्ले केल्यावर पहिल्यांदा छान वाटलं. मग एकेक फ्रेम सरकवत गेले. सातव्या फ्रेमला खालचा हात अर्धा पुसट, वरचा अर्धा पुसट आणि दोघांच्या मध्ये ओल्या मातीचा गोळा. आठव्या फ्रेमला बाईला हातच नाही.

सीड (दर खेपेला वेगळा निकाल देणारा सुरुवातीचा आकडा) बदलून पाहिला. प्रॉम्प्टमध्ये ‘हात स्पष्ट, बोटं पाच’ सगळं लिहून झालं. सोळाच्या बत्तीस फ्रेम केल्या, तर गोळा दुप्पट वेळ दिसायला लागला. अर्धा दिवस असा गेल्यावर शेजारी बसणारी नवी मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, “ताई, पण कोपर कुठून जायचं ते आपण त्याला सांगितलंच कुठे?” बरोबर होतं तिचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं माझं. खालचा हात आणि वरचा हात यांच्या मध्ये हजार वाटा आहेत. त्यातली माझ्या मनातली वाट कुठेही काढलेली नव्हती.

तेव्हापासून हीच तक्रार निरनिराळ्या रूपांत दर दुसऱ्या शॉटला भेटते. आता मी ज्या क्रमाने तपासते, त्याच क्रमाने लिहिते.

आधी घरातलाच चोर शोधा

फ्रेम पुसट आणि दुहेरी दिसतेय म्हणजे मॉडेल चुकलं, असं लगेच धरू नका. वॅन २.१ सारखी व्हिडिओ बनवणारी मॉडेलं सेकंदाला १६ फ्रेमचा व्हिडिओ देतात आणि आपली टाइमलाइन असते २४ची. १६ची क्लिप २४च्या टाइमलाइनवर टाकली की एडिटिंग सॉफ्टवेअर तफावत भरून काढायला दोन फ्रेम एकमेकींत मिसळू शकतं. फ्रेम ब्लेंडिंगचं बटण चालू असेल, तर भूत तिथेच तयार होतं. क्लिप टाइमलाइनवर टाकण्याआधी पीएनजी सीक्वेन्स म्हणून, म्हणजे एकेक फ्रेम वेगळं चित्र म्हणून, उघडून बघा. तिथे हात स्वच्छ असेल, तर मॉडेलला शिव्या देऊ नका, ब्लेंडिंग बंद करा.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. टूजवर केलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तो रेंडर (तयार क्लिप) जसाच्या तसा फ्रेम वाढवणाऱ्या साधनाला दिला, की ते दोन सारख्या फ्रेमच्या मध्ये तिसरी सारखी फ्रेम घालतं आणि दोन वेगळ्या चित्रांच्या मध्ये एक नवी. परिणाम: थांब-पळ, थांब-पळ. जुळी चित्रं आधी काढून टाका, मगच द्या. आणि देताना पीएनजीच द्या. एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमधून काढलेल्या फ्रेममध्ये रंगाची माहिती बहुधा निम्म्या रुंदी-उंचीवर साठवलेली असते, त्यामुळे लाल कपड्याच्या कडेला आधीच घाण असते, आणि मशीन ती घाण निष्ठेने पुढे नेतं.

हात का वितळतो

इथे थोडं थांबावं लागेल, कारण साधनं दोन जातींची आहेत आणि दोघांचा रोग वेगळा.

पहिली जात फ्लोवर चालते. राइफ (RIFE), फिल्म (FILM) ही त्यातली ओळखीची नावं. पहिल्या फ्रेममधला कोणता ठिपका दुसऱ्या फ्रेममध्ये कुठे गेला याचा अंदाज बांधायचा, ठिपके अर्ध्या वाटेवर सरकवायचे आणि दोन्ही बाजूंचं मिसळायचं, असं त्यांचं काम. खऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रात कापडाची वीण असते, त्वचेचा पोत असतो, म्हणून ठिपका ओळखू येतो. आपल्या सेल-शैलीच्या चित्रात अख्खी बाही एकाच निळ्या रंगाची. त्यातला कोणता निळा ठिपका कुठे गेला हे कशावरून कळावं? म्हणूनच २०२१ साली खास कार्टूनसाठी बनवलेल्या अ‍ॅनिमइंटर्पच्या संशोधकांनी ठिपक्यांऐवजी सपाट रंगाचे तुकडेच एकमेकांशी जुळवायची वाट धरली आणि त्यासाठी कार्टूनमधल्या सलग तीन-तीन फ्रेमचे १२,००० संच गोळा केले. फायदा झाला, पण दोन फ्रेम जवळच्या असतील तर. आपल्या की एकमेकींपासून कोसभर लांब असतात.

दुसरी जात जनरेटिव्ह. २०२४ साली आलेलं टूनक्राफ्टर, किंवा पहिली आणि शेवटची फ्रेम देऊन मधलं मागता येतं ती व्हिडिओ मॉडेलं. ही ठिपके सरकवत नाहीत, मधलं चित्र नव्याने घडवतात. त्यामुळे कडेने पुसट झालेला हात इथे कमी दिसतो. त्याऐवजी हात वेगळ्याच वाटेने जातो, कोपर उलटं वाकतं, किंवा खालचा हात अंगात मुरतो आणि वर दुसराच उगवतो. शेवटच्या फ्रेमला सगळं जागेवर, मध्ये मात्र आनंदीआनंद.

तुमची फ्रेम कोणत्या जातीची आहे ते ओळखायचं सोपं आहे. दोन पारदर्शक हात दिसले तर बहुधा फ्लो, एकच पण चुकीचा हात दिसला तर बहुधा जनरेटिव्ह. औषध मात्र दोघांचं एकच आहे, आणि त्याच्यामागचं गणित एकदा कागदावर केलं की कायमचं लक्षात राहतं.

हात खांद्यावर फिरतो, म्हणजे मनगट वर्तुळावर चालतं. मनगटाच्या दोन जागा सरळ रेषेने जोडल्या, तर मधला बिंदू वर्तुळाच्या आत पडतो आणि हात आखूड होतो. किती आखूड? दोन पोझमध्ये ३० अंशांचं अंतर असेल तर जेमतेम ३ टक्के, डोळ्याला कळतही नाही. ६० अंशांना १३ टक्के. ९० अंशांना २९ टक्के, म्हणजे हात तीन-दशांशाने आखडला. माझ्या फळीवाल्या शॉटमध्ये हात जवळपास १५० अंश फिरत होता. तिथे मधोमध हात मूळ लांबीच्या पाव हिश्श्याएवढा उरतो. तो मातीचा गोळा म्हणजे हाच पाव हात! जनरेटिव्ह मॉडेल इतकं सरळ रेषेत चालत नाही, त्याने पुष्कळ हालचाली पाहिलेल्या असतात. पण अंतर जितकं मोठं, तितक्या त्याच्यापुढे वाटा जास्त, आणि आपल्या मनातली वाट सापडण्याची शक्यता कमी.

हे काही नवं नाही. १९७०च्या आसपास कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी कॉम्प्युटरकडून दोन कींच्या मधली चित्रं भरून घेण्याची पद्धत उभी केली. त्यांच्या प्रणालीवर पीटर फोल्डेस यांनी केलेला १९७४चा लघुपट पाहिला, तर माणसं एकमेकांत आणि वस्तूंत वितळताना दिसतात. तिथे ते वितळणं दिग्दर्शकाला हवंच होतं. आपल्याला नको असतं, एवढाच फरक.

ब्रेकडाउन तुम्हीच काढा

हेच ते औषध. हाताने काम करणाऱ्या प्रत्येक अ‍ॅनिमेटरला ते पाठ आहे, तरी मशीन आलं की आपण विसरतो. की-अ‍ॅनिमेटर सहायकाकडे फक्त दोन की सहसा सोपवत नसे. दोन कींच्या मधलं निर्णायक चित्र, म्हणजे ब्रेकडाउन, काढून, बाजूला टायमिंग चार्ट (कोणतं मधलं चित्र कुठे पडेल त्याची पट्टी) आखून मगच कागद पुढे जायचा. कारण पात्र हलकं आहे की जड, आळशी आहे की घाबरलेलं, ते ब्रेकडाउनमध्ये ठरतं. तोच खांदा आधी उचलला तर बाई थकलेली, हात आधी फेकला तर बाई उतावीळ. एवढा मोठा निर्णय मशीनवर सोडला तर ते सरासरी काढणारच, आणि सरासरी म्हणजे कुणीच नाही.

मी आता एक ढोबळ माप वापरते: कोणताही अवयव दोन चित्रांच्या मध्ये साधारण ४० अंशांपेक्षा जास्त फिरत असेल, तर मध्ये माझं चित्र हवं. १५० अंशांसाठी तीन ब्रेकडाउन, म्हणजे चार टप्पे, प्रत्येकी ३७-३८ अंशांचे. आखडणं ५ टक्क्यांवर येतं, तेवढं क्लीनअपमध्ये, म्हणजे रेघा साफ करताना, निस्तरता येतं. हे ब्रेकडाउन रंगवलेलेच हवेत असंही नाही. साधन रेखाटनाचा आधार घेत असेल (टूनक्राफ्टर विरळ स्केच घेतं), तर खांदा, कोपर, मनगट आणि पंजाचा ढोबळ आकार दाखवणारी ओबडधोबड रेघही पुरते. नसेल घेत, तर चित्र पुरतं करून द्यावं लागतं, सपाट रंग भरून. दहा मिनिटं जातात. सीड बदलत बसलं की अर्धा दिवस जातो.

एक गोष्ट मात्र ब्रेकडाउननेही सुटत नाही. हात धडाच्या मागे जाऊन दुसऱ्या बाजूने निघत असेल, आणि तुमच्या दोन्ही चित्रांत पंजा झाकलेला असेल, तर मध्ये दिसणारा पंजा येणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मशीन मग जे हाताशी येईल ते चिकटवतं, बहुधा बाहीच्या रंगाचा ठोकळा. अशा वेळी हात वेगळ्या लेअरवर काढा, धडाशिवाय, पूर्ण. तो लेअर एकटा मशीनला द्या आणि धड नंतर वरून ठेवा. मागे सपाट असा रंग द्या, जो पात्रात कुठेच नाही. पांढरा नको, कारण नंतर मागचा रंग काढून टाकताना डोळ्यांतला पांढराही जातो. सपाट पार्श्वभूमीचा आणखी एक फायदा म्हणजे मॉडेलची कॅमेरा हळूच सरकवायची खोड मोडते. मागे घर-झाडं असली की त्याला वाटतं आपण फिरायला निघालोय.

हात आला, पण जीव नाही

हात शाबूत येऊ लागला की दुसरी तक्रार सुरू होते: सगळं एकाच वेगाने तरंगतंय, पाण्याखाली असल्यासारखं. ही स्पेसिंगची, म्हणजे एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंतच्या अंतराची, तक्रार आहे आणि ती प्रॉम्प्टमध्ये ‘वेगाने’ लिहून जात नाही. माझा अनुभव असा, की मॉडेलकडून टायमिंग मागूच नये. त्याच्याकडून वाट घ्यावी आणि टायमिंग आपण द्यावं.

उदाहरण मान वळवण्याचं घेते. दोन की, मध्ये हनुवटी जराशी खाली घेतलेला ब्रेकडाउन. मान कमानीतून वळली तरच ती मान वाटते, नाहीतर खांबावरचा भोपळा. मला टूजवर एकूण सात चित्रं हवी होती, म्हणजे १४ फ्रेम, अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. मॉडेलकडून सातच चित्रं न मागता मी ३३ फ्रेम काढून घेतल्या. (३३च का, तर वॅनसारख्या मॉडेलमध्ये काळाच्या दिशेने चारपट आकुंचन असतं, म्हणून फ्रेमची संख्या चारच्या पाढ्यात अधिक एक अशी द्यावी लागते: ३३, ४९, ८१.) शून्यापासून मोजलं तर की ० आणि ३२ वर, ब्रेकडाउन १६ वर. मग जुना चार्ट लावला: अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं. ०, ४, ८, १६, २४, २८, ३२. सुरुवातीला चित्रं जवळजवळ, मध्ये लांब उडी, शेवटी पुन्हा जवळजवळ. बाकीच्या २६ फ्रेम सरळ फेकल्या. जीव आला.

पहिल्या खेपेला मात्र नाही आला, कारण मी आकडे पाहून फ्रेम उचलल्या होत्या. मॉडेल स्वतःच कधी सुरुवातीला रेंगाळतं, कधी मध्येच पळतं, त्यामुळे आठवी फ्रेम म्हणजे वाटेचा पाव भाग असं नसतं. आता ऑनियन स्किन (मागची-पुढची चित्रं एकावर एक पुसट दाखवणारी सोय) लावून ३३च्या ३३ फ्रेमवर नाकाच्या शेंड्याला एकेक ठिपका देते. ठिपक्यांची कमान तयार होते. चार्टमधली जागा त्या कमानीवर शोधायची आणि तिथली फ्रेम उचलायची, मग तिचा नंबर ८ असो की ११. हातासाठी नाकाऐवजी मनगट. एखादा ठिपका कमानीबाहेर पडलेला दिसला, तर ती फ्रेम कितीही सुबक असली तरी बाद.

याच ठिपक्यांनी आणखी एक दुखणं पकडता येतं. चार टप्पे वेगवेगळे काढून जोडले की प्रत्येक ब्रेकडाउनपाशी हात किंचित अडखळतो, गचके खात वर जातो. कारण प्रत्येक टप्पा मॉडेलसाठी स्वतंत्र गोष्ट असते, स्थिर चित्रापासून स्थिर चित्रापर्यंत, म्हणून टोकांना ते हळू होतं. ठिपके बघा, ब्रेकडाउनच्या दोन्ही बाजूंना त्यांची दाटी दिसेल. त्या दाटीतल्या फ्रेम घेऊच नका. साधन एकाच धावेत मधल्या जागांवरही चित्रं अडकवू देत असेल, तर उत्तमच, तसंच करा.

किरकोळ, पण रोजचं

लांबच्या शॉटमध्ये डोळे बिघडणं. ही बहुतेक मॉडेलं चित्र आधी आकुंचित करून त्यावर काम करतात, बरेचदा ८ बाय ८ पिक्सेलचा एक चौकोन म्हणजे एक घर. टूनक्राफ्टरची फ्रेम ५१२ बाय ३२०ची. तीत चेहरा ६० पिक्सेल रुंद असला, तर डोळा आठ-दहा पिक्सेलचा, म्हणजे अख्खा डोळा एकाच घरात कोंबलेला. त्यातून बुबुळ नीट परत येईल कसं? चेहरा कापून, मोठा करून वेगळा चालवा आणि परत बसवा. रेघही एक-दोन पिक्सेलची ठेवू नका, विरते.

पापणी लवणं मशीनला देऊच नका. उघडा डोळा आणि मिटलेला डोळा यांच्या मध्ये ते पापणी खाली आणत नाही, डोळा पुसतं. हाताने दोन चित्रं काढायला लागतो तेवढा वेळ हे वाक्य वाचायला लागला असेल.

रंग दर फ्रेमला थोडा सरकणं: प्रत्येक पिक्सेल मूळ पॅलेटमधल्या (पात्राच्या ठरलेल्या रंगांमधल्या) सर्वांत जवळच्या रंगाला चिकटवून टाका. रेघेच्या मऊ कडा तुटतात, म्हणून रेघ आधी वेगळी काढून ठेवायची आणि शेवटी वर ठेवायची.

थ्रीडीवाल्यांसाठी एकच ओळ, कारण तिथे माझा हात कमी चालतो: तुमचं ‘वितळणं’ म्हणजे पाय घसरणं. पाऊल जमिनीवर असण्याच्या फ्रेम खुणेने ठरवून घ्या, तेवढ्यापुरतं पाऊल आयकेने (पाऊल जागेवर धरून बाकीचा पाय त्यानुसार वाकवणाऱ्या सोयीने) जागेवर बांधा, आणि कमरेची वाट तपासा, कारण पाय घसरतो तो पुष्कळदा कंबर सरळ रेषेत ओढली गेल्यामुळे.

आणि मध्ये दोन-तीनच चित्रं लागणार असतील, तर सरळ पेन्सिल घ्या. की तयार करणं, लेअर वेगळे करणं, ३३ फ्रेम चाळणं, पॅलेट चिकटवणं, एवढ्यात ती काढून होतात.

फळीवाला शॉट शेवटी असा उभा राहिला: दोन की आणि तीन ब्रेकडाउन माझे, मशीनची सहा चित्रं. सगळी मिळून अकरा, टूजवर २२ फ्रेम. त्या सहांतल्या दोन चित्रांतले पंजे मी पुन्हा काढले, आणि एका चित्रातला अंगठा अजूनही चुकीच्या बाजूला आहे, तो काल लाइन टेस्ट (नुसत्या रेघांची चाचणी) बघताना शेजारच्या त्या मुलीने दाखवला.